गोड लागणारा रंग

माझ्या आयुष्यातली दोन वर्षं मी कोंबड्यांना शिसं खाऊ घालण्यात घालवली. लग्न ठरताना हे सासरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला होता, म्हणून पुढचंही लगेच सांगते. पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर शिक्षणात माझा तो विषय होता. खाद्यातून थोडं थोडं शिसं पोटात गेलं तर पक्ष्याच्या शरीराचं काय होतं, आणि त्याच खाद्यात आवळ्याची पूड मिसळली तर नुकसान किती टळतं. एका पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना नुसतं खाद्य, दुसऱ्यातल्यांना शिसं घातलेलं, तिसऱ्यातल्यांना शिसं आणि आवळा दोन्ही. रोज सकाळी उठून वजनं करायची, रक्त काढायचं, वहीत लिहायचं. दोन वर्षं माझ्या ओढणीला आवळ्याचा वास होता.

तिसऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या दुसऱ्यातल्यांपेक्षा बऱ्या राहिल्या. शिसं शरीरात शिरलं की पेशींना एक प्रकारचा गंज चढू लागतो. आवळ्यात, शेवग्याच्या पाल्यात, कोकमाच्या सालीत अशी काही द्रव्यं असतात की ती तो गंज आपल्या अंगावर घेतात. अँटिऑक्सिडंट म्हणतात ती हीच. मला इतका आनंद झाला होता की प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी आवळ्याला जवळजवळ औषधच करून टाकलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही ढाल आहे, झाडू नाही. वार थोडा अडवते. आत आलेला कचरा बाहेर काढत नाही, आणि उघडं दार लावतही नाही." मला त्यांचा राग आला. पान मात्र पुन्हा लिहावं लागलं.

नोकरी लागली ती रत्नागिरीत. पावसच्या पुढे सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, एका गावात जनावरांचा दवाखाना, आणि खाली खाडीपर्यंतच्या वाड्या माझ्याकडे. इथे शिशाचा कुणाशी काय संबंध, असं मला वाटायचं. आंब्याच्या बागा, नारळ, भात, मासे. विषबाधा म्हणाल तर फवारणीचं औषध नाहीतर कसला तरी रानटी पाला. आपला अभ्यास वाया जाऊ नये म्हणून मी आवळा तेवढा धरून ठेवला. गाय आजारातून उठली, द्या आवळा. शेळी अशक्त, द्या शेवग्याचा पाला. कोकमं फोडून उरलेल्या साली कुणी उकिरड्यावर टाकताना दिसलं की मी स्कूटर थांबवून भाषण द्यायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि मी वळले की हसायचे. माझं नाव 'आवळेबाई' पडलंय हे मला वर्षभराने आमच्या शिपायाकडून कळलं. तोही सांगताना हसत होता.

खाडीकाठच्या एका वाडीत एक तांडेल राहायचे. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा प्रमुख, सुकाणू धरणारा आणि माणसं हाकणारा. त्यांनी समुद्र सोडून दहाएक वर्षं झाली होती, पण वाडीत कुणीही त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकी. मुलगा मुंबईला, मुलगी सासरी. घरात ही दोघं, एक दुभती गाय, एक म्हातारी भाकड गाय आणि परसात एक आवळ्याचं झाड. त्या झाडामुळे माझी त्यांच्याकडे जरा जास्तच ये-जा होती.

दुभती गाय काकांची फार लाडकी. समुद्र सोडला त्याच आठवड्यात त्यांनी तिला पाडी असताना आणली होती. सकाळी धुणं, दुपारी चरायला नेणं, संध्याकाळी तिच्याशी बोलत बसणं. काकी म्हणायच्या की लग्नानंतर माझ्याशी एवढं बोलले नाहीत. त्यात तक्रार अर्धी आणि थट्टा अर्धी असावी असं मी समजायचे.

दिवाळी झाल्यावर लसीकरणाला गेले तर गोठ्यात नवी गव्हाण. काकांनी ज्या बोटीवर तीस वर्षं काढली ती बोट मालकाने त्या वर्षी मोडीत काढली होती. तोडताना त्याने काकांना विचारलं, काय हवं तर घेऊन जा. काकांनी फळ्या आणल्या. जुना सागवान, समुद्राचं पाणी पिऊन दगडासारखा झालेला. त्या फळ्यांची त्यांनी लांबलचक गव्हाण केली होती, वर निळा रंग तसाच, पुढच्या फळीवर बोटीच्या नंबराचे अर्धे आकडे. काका त्या आकड्यांवरून हात फिरवत होते. मला ते फारच आवडलं. मी म्हटलं, ही गव्हाण तुमच्या नातवंडांच्या गाईंनाही पुरेल. मोबाइलवर फोटो काढला आणि आमच्या तालुक्यातल्या गुरंवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'टाकाऊतून टिकाऊ'. पुष्कळ अंगठे आले. दोघातिघांनी विचारलं की अशा फळ्या कुठे मिळतील.

महिनाभराने, डिसेंबरातल्या एका सकाळी काकींचा फोन आला.

"बाई, गाय भितीत डोका घालून उभी हाय. कालपासून काय खाल्लान नाय तिनं."

मी गेले तेव्हा गाय खरंच चिऱ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती, जणू भिंत ढकलतेय. तोंडातून लाळ. दात करकर वाजत होते. मधूनच कान आणि पापण्या फडफडायच्या, मधूनच ती हंबरायची, पण आवाज नेहमीचा नव्हता. लाळ आणि तो आवाज, दोन्ही एकदम समोर आले आणि मी दोन पावलं मागे सरले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गाय अशीच होते. आदल्या महिन्यात शेजारच्या वाडीत तसा एक कुत्रा फिरल्याचं ऐकलं होतं. रेबीज असेल तर त्यावर उपचार नाही. गाय बाजूला बांधून ठेवायची, तिच्या लाळेपासून सगळ्यांना लांब ठेवायचं आणि वाट पाहायची, एवढंच उरतं.

मी हातमोजे घातले, काकांनाही दिले, आणि दावं धरायला सांगितलं. मला ताप मोजायचा होता. काकांनी दावं धरलं आणि त्यांचे हात थरथरायला लागले. मनगट खाली पडत होतं. दावं सुटलं, गाय गर्रकन वळली, मी भिंतीवर आदळले. सकाळचे साडेआठ वाजले होते. काकांचे हात थरथरतात हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं आणि कशामुळे तेही सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी ते पीत असत. मुलीच्या लग्नाच्या वेळी ग्रामदेवतेपुढे त्यांनी सोडल्याची शपथ घेतली होती, पण हात थरथरायचे ते थरथरायचेच, त्यामुळे त्या शपथेवर कुणाचा विश्वास नव्हता. माझा कोपर खरचटला होता आणि माझा स्वभाव मुळात शांत नाही.

मी म्हटलं, "काका, गाय मरायला टेकलीय. आज तरी सकाळी घ्यायची नव्हती."

 काकांनी दावं उचललं आणि दोन्ही हातांना गुंडाळून घेतलं, म्हणजे सुटणार नाही. काकी जमिनीकडे बघत म्हणाल्या की मी सांगून सांगून थकले. मी ताप मोजला. ताप नव्हता. गाईला परसातल्या काजूच्या झाडाला बांधायला लावलं, लाळेला हात लागलेल्या दोघांनाही त्याच दिवशी जाऊन सुई घ्यायला सांगितलं, आणि म्हातारी गाय वेगळी ठेवायला सांगितली. निघताना काका फाटकापर्यंत आले. तिचं काय होईल, असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "ती गेली तर मी दिवसभर कुनाकडं बगू, बाई?" मी म्हटलं, उद्या येते. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी गाय तशीच होती. आदल्या दिवसापेक्षा वाईट नाही, बरी तर नाहीच. रेबीजचं जनावर चोवीस तासांत दिसण्याइतकं खालावतं. शिवाय बादली तोंडाला लागल्यावर ती दोन घोट पाणी प्यायली, काकींनी पाहिलं होतं. मी लांब उभी राहून तिच्या डोळ्यांसमोर काठी हलवली. तिने पापणीही हलवली नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर हलवली. तेच. गाय आंधळी झाली होती. काल लाळ दिसली आणि मला बाकी काही दिसायचं बंद झालं होतं.

आंधळेपणा, दात खाणं, पापण्या उडणं, भिंतीला डोकं लावणं, रवंथ बंद पडणं. ही यादी मला कुठेतरी पाठ होती, पण कुठे ते आठवेना. काय खाल्लं असेल ते बघावं म्हणून मी रिकाम्या गोठ्यात गेले. गव्हाणीत पेंढा तसाच पडून होता. पुढच्या फळीच्या काठावर निळा रंग नव्हता. जिभेच्या रुंदीएवढा एक खोलगट पट्टा चाटून चाटून गुळगुळीत झाला होता. त्या पट्ट्यात निळ्याच्या खाली पांढरा थर, पांढऱ्याच्या खाली शेंदरी तांबडा. स्कूटरच्या किल्लीने मी आणखी थोडं खरवडलं. तांबडी पूड बोटावर आली.

लाकडी बोटीला बाहेरून, लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले लागू नयेत म्हणून, पूर्वी पहिला हात शिशाच्या तांबड्या रंगाचा देत. हे मला माहीत होतं. खरं तर माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात जनावरांना शिसं कुठून मिळतं याची यादी होती आणि त्यात जुना रंग दुसऱ्या क्रमांकावर होता. ते मीच लिहिलं होतं. आणि याच फळीजवळ उभी राहून मी फोटो काढला होता. इथली जमीन जांभ्याची, पाऊस धो धो, मातीतले क्षार वाहून जातात, म्हणून इथली गुरं मिठासाठी भिंती चाटतात, दोऱ्या चघळतात, वाळत घातलेले कपडे ओढतात. अशा गाईसमोर मी मीठ मुरलेली शिशाची फळी बघितली आणि तिचं कौतुक करून आले. 

मग धावपळ झाली. पोटातलं शिसं बाहेर पडावं म्हणून नळीने एप्सम सॉल्ट पाजलं. मेंदूसाठी बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सकाळ-संध्याकाळ. रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं जे खरं औषध, ते रत्नागिरीत कुठेच नव्हतं. सगळ्या ओळखीपाळखी काढून ते कोल्हापूरहून बसने मागवलं, दोन दिवसांनी हातात पडलं. रक्ताचा नमुना बाहेर पाठवला. गाईचं दूध खड्ड्यात ओतायला सांगितलं, कारण शिसं दुधातूनही उतरतं. महिनाभर दोघांनी त्याच दुधाचा चहा घेतला होता, म्हणून शहरातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, दोघांचंही रक्त तपासून घ्या म्हणून. आणि ग्रुपवर लिहिलं की माझ्या आधीच्या फोटोतली गव्हाण कुणीही करू नये, मी चुकले. त्यालाही अंगठे आले.

गव्हाणीचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी झाडाखालून टोपली भरून आवळे आणले. त्यांनी ते कापून, बिया काढून ठेवले होते. तुमचा आवळा देऊ का, असं त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता तरी मी खूश होईन. इतकी वर्षं ज्यासाठी मी लोकांचं डोकं खाल्लं ते कुणीतरी आपणहून विचारत होतं, आणि मला सांगावं लागलं की त्याने ती वाचणार नाही. द्या, थोडा द्या, पेशींना आधार होईल. पण औषध हे इंजेक्शन आहे, आणि त्याच्याही आधी गव्हाण तोडायला हवी. माझ्या बाईंचं ढाल आणि झाडूचं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. त्यांना ते लगेच समजलं. मला समजायला प्रबंध लिहावा लागला होता.

वाडीत मात्र वेगळीच गोष्ट तयार झाली. म्हातारी गाय त्याच गव्हाणीत खात होती आणि तिला काहीच झालं नव्हतं. ती नेमकी आवळ्याच्या झाडाच्या बाजूला बांधलेली असायची, पडलेले आवळे खायची. म्हणजे आवळेबाईंचं खरं होतं म्हणायचं, असं लोक बोलायला लागले. दोन दिवस मला ते फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री झोपताना मी मनात लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन म्हाताऱ्या गाईच्या बाजूची फळी खरवडली. निळ्याखाली सरळ लाकूड होतं. ती फळी बोटीच्या केबिनच्या आतल्या बाजूची होती, तिला तांबडा हात कधी दिलाच नव्हता. म्हातारीला आवळ्याने वाचवलं नव्हतं, तिच्या वाट्याला विषच आलं नव्हतं. मी ते काकांना सांगितलं. ते बऱ्याच दिवसांनी हसले आणि म्हणाले, कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला चाललं नसतं.

गव्हाण त्यांनी स्वतःच तोडली. मला वाटलं होतं ते वेळ काढतील, कारण ती बोट म्हणजे त्यांची तीस वर्षं. त्यांनी दुपारच्या आत सगळ्या फळ्या मोकळ्या केल्या. हातोडी दोनदा हातातून निसटली. नंबराची फळी सर्वात शेवटी काढली आणि बाकीच्यांवर उपडी ठेवली. काकींनी त्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालायला उचलल्या, तशी मी ओरडलेच. जाळू नका, धूर आणखी वाईट, तो छातीत जातो. खाडीत टाकू नका, खतात टाकू नका. ताडपत्रीत बांधून वर ठेवा.

काका पायरीवर बसून घाम पुसत होते. ते म्हणाले, "आमी तर जन्मभर जाळला की वो तो."

मी विचारलं, म्हणजे काय. मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात बोटी वर ओढून शाकारून ठेवतात, झावळ्यांनी झाकतात. पाऊस सरत आला की नारळीपौर्णिमेच्या आधी जुना रंग काढायचा. ज्योतीने तो भाजायचा, फुगला की पत्र्याने खरवडायचा. दुसरे लोक नाका-तोंडाला फडकं बांधायचे, काकांना त्याने गुदमरायचं. आठ-आठ दिवस तांबडी पूड अंगावर, घामात, जेवणाच्या डब्यावर. मग डब्यातल्या शेंदरी पुडीत तेल घालून हातानेच मळायचं, फटी भरायच्या, वरून पहिला हात द्यायचा. तांडेल असूनही हे काम ते दुसऱ्याला देत नसत. बोट आपली आहे, असं त्यांना वाटायचं. तीस वर्षं.

"गाय चाटते ते मी बगितलेला," ते म्हणाले. "मना वाटला, चाटू दे. गोड लागतो तो रंग."

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

त्यांनी आपली बोटं तोंडाजवळ नेली आणि खाली आणली. तेवढ्यातही मनगट लुळं पडलं आणि बोटं थरथरली. इतकी वर्षं मी ते हात बघत होते. त्या क्षणी पहिल्यांदा पाहिले. मी त्यांना एकेक विचारत गेले, जनावराच्या मालकाला विचारावं तसं. पोटात कळा यायच्या? यायच्या, पावसाळ्याच्या शेवटी हमखास, वाकून बसायला लागायचं. पोट साफ व्हायचं नाही? नाही. हात कधीपासून? समुद्रावरच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत. सुकाणू हातात राहीना, पोरं मागे हसायला लागली, तांडेल दिवसासुद्धा टाकतो म्हणायला लागली, म्हणून समुद्र सोडला. दारू? त्यांनी काजूच्या झाडाकडे बघत सांगितलं की मुलीच्या लग्नानंतर थेंब नाही. तुम्ही कुणाला सांगितलं नाही का, असं मी विचारलं. सांगितला होता, ते म्हणाले. शपथ घेऊन सांगितला होता.

मी माणसांची डॉक्टर नाही. मी म्हटलं की मला खात्री नाही, पण शिशाने असं होऊ शकतं, आणि रक्त तपासायला जाल तेव्हा हे सगळं डॉक्टरांना सांगा, दुधाचंच नाही. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत निघून गेल्या.

गाय वाचली. नवव्या दिवशी तिने आपणहून पेंढ्याला तोंड लावलं. पंधरवड्याने उजव्या डोळ्यासमोर हात नेला की ती मान मागे घेऊ लागली. डावा डोळा आजही नीट नाही, ती वळताना नेहमी उजवीकडूनच वळते आणि काका त्याच बाजूने तिच्याजवळ जातात. रक्ताचा अहवाल आला, त्यात शिसं होतंच. गव्हाण आता जांभ्याच्या चिऱ्यांची आहे आणि शेजारी क्षारांची वीट टांगलेली आहे, जी मी पहिल्याच दिवशी टांगायला हवी होती. फळ्या ताडपत्रीत मांगरावर, म्हणजे सामानाच्या खोपटाच्या माळ्यावर, पडून आहेत. त्यांचं काय करायचं हे मी तीन ठिकाणी विचारलं, धड उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

दोघांचे रक्ताचे अहवाल घेऊन काका-काकी जानेवारीत शहरात गेले, त्यांनी मलाही बरोबर बोलावलं. काकींचं ठीक होतं, किंचित वाढलेलं, दूध बंद केल्यावर उतरेल असं. काकांचं त्याहून बरंच जास्त. डॉक्टर वयाने तरुण होते आणि सावध बोलत होते. ते म्हणाले की शिसं हाडांत साठून राहतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात येतं, महिनाभराच्या चहाने एवढं होणार नाही. हातांच्या नसा त्यानेच गेल्या हे आता इतक्या वर्षांनी छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दारूचं म्हणाल तर यकृत चांगलं आहे, दारूची काही खूण नाही. हात पूर्ववत होतील का, असं काकांनी विचारलं नाही. काकींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, फार नाही. खाण्यात काय द्यायचं, असं त्यांनी पुढे विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी फळं, पालेभाज्या, आवळा असं काही सांगितलं आणि काकींनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला आवळ्याचा अजिबात अभिमान वाटला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गाईला शेवटचं इंजेक्शन द्यायला गेले. मला काकांची माफी मागायची होती. त्या सकाळचं वाक्य रोज माझ्या कानात वाजत होतं. काका गाय धुवायला खाली विहिरीवर गेले होते. काकी पडवीत आवळे किसत बसल्या होत्या, मोरावळ्यासाठी. मी तिथेच बसले आणि म्हटलं की मी काकांना त्या दिवशी फार वाईट बोलले, मला त्याची लाज वाटते, मी आज त्यांना तसं सांगणार आहे. काकींनी किसणी थांबवली नाही.  किसता किसताच त्या बोलल्या.

"पंधरा वर्सं मी रोज त्यांचा तोंड हुंगत आले, बाई. झोपल्यावर पन. एकदा पन वास नाय आला." त्यांनी किसणी खाली ठेवली. "तरी मी बोलायची थांबले नाय."

खालून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येऊ लागली. काका तिला उजव्या बाजूने धरून वर आणत होते, दावं दोन्ही हातांना गुंडाळलेलं. मी उठून उभी राहिले. काकींनी निदान वास तरी घेऊन पाहिला होता. मला तेवढंही करावंसं वाटलं नव्हतं.